साईन, कॉस, टॅन आणि कोनांची नाती : राज्य बदललं की 'पूरक' कोन १८० चा ९० होतो!

मराठी शाळेतून दहावी झालेला विद्यार्थी अकरावी विज्ञानाला किंवा पीयूला जातो आणि पहिल्या महिन्यातच त्रिकोणमितीशी गाठ पडते. गणित तेच असतं, पण शब्द बदललेले असतात. बेळगावात ते इंग्रजी आणि कन्नड असतात, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी, हैदराबादला तेलुगू किंवा इंग्रजी. गोव्यात प्राथमिक शाळा मराठीतून झालेल्या मुलांची भाषा तर पाचवीपासूनच बदलते. त्यात एक शब्द असा आहे की त्याचा अर्थ राज्याची हद्द ओलांडली की चक्क उलटतो, आणि चूक झाली तरी उत्तर बरोबर असल्यासारखंच दिसतं. तो शब्द म्हणजे 'पूरक'.

साईन, कॉस, टॅन म्हणजे काय, कोनांची आपसातली नाती कोणती आणि भाषा बदलताना गफलत नेमकी कुठे होते, याची ही सविस्तर माहिती. नववी-दहावीच्या आणि अकरावीत नुकत्याच गेलेल्या मुलांना, तसंच घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांना ती उपयोगी पडेल.

आधी 'पूरक'चा घोळ

दोन कोनांची बेरीज ९० अंश असेल तर मराठीत त्यांना 'कोटिकोन' म्हणतात. बेरीज १८० अंश असेल तर 'पूरक कोन'. म्हणजे २५ अंशांचा कोटिकोन ६५ आणि पूरक कोन १५५. गुजरातीतही हेच दोन शब्द याच अर्थांनी चालतात, त्यामुळे वडोदऱ्याच्या मुलांना फारसा त्रास नाही.

हिंदीत मात्र ९० च्या जोडीला 'पूरक कोण' आणि १८० च्या जोडीला 'संपूरक कोण' म्हणतात. तेलुगूतही 'पूरक' म्हणजे ९० आणि 'संपूरक' म्हणजे १८०. कन्नडमध्ये ९० ला 'पूरक कोन' आणि १८० ला 'परिपूरक कोन'. इंग्रजीत ९० ला 'कॉम्प्लिमेंटरी' आणि १८० ला 'सप्लिमेंटरी'. त्यात व्यवहारात 'कॉम्प्लिमेंटरी' या शब्दाचं मराठी आपण 'पूरक' असंच करतो. म्हणजे मराठी मुलाची इंग्रजीतूनही फसगत ठरलेलीच.

एक साधं उदाहरण बघा. 'दोन कॉम्प्लिमेंटरी कोनांचं गुणोत्तर २:३ आहे, तर कोन काढा.' बरोबर उत्तर ३६ आणि ५४. मराठी 'पूरक' डोक्यात ठेवून बेरीज १८० धरली तर उत्तर येतं ७२ आणि १०८. दोन्ही उत्तरं स्वच्छ पूर्णांकात, गुणोत्तरही २:३ च. आपलं चुकलंय असा संशयसुद्धा येत नाही. पर्यायी उत्तरांच्या पेपरात दोन्ही जोड्या पर्यायांत असल्या की गुण गेलाच.

'कर्ण' या शब्दाचंही असंच. मराठीत काटकोन त्रिकोणाची सर्वांत मोठी बाजू म्हणजे कर्ण, आणि चौकोनाचे समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेघ म्हणजेसुद्धा कर्णच. हिंदीत त्रिकोणातला तो 'कर्ण' आणि चौकोनातला 'विकर्ण'. कन्नडमध्ये बरोबर उलटं आहे. त्रिकोणातला 'विकर्ण', चौकोनातला 'कर्ण'. बेळगाव-खानापूरकडची मुलं मराठी आणि कन्नड दोन्ही पुस्तकं चाळतात, त्यांनी हा फरक वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवलेला बरा.

तीन गुणोत्तरं

एक काटकोन त्रिकोण घ्या. एक कोन ९० अंशांचा आहे, उरलेल्या दोनपैकी एक कोन आपला, त्याला 'क' म्हणू. आता तिन्ही बाजूंना 'क'च्या नजरेतून नावं द्यायची.

- काटकोनासमोरची, सर्वांत लांब बाजू : कर्ण
- 'क'च्या समोरची बाजू : संमुख बाजू
- 'क'ला चिकटलेली, कर्ण नसलेली बाजू : लगतची बाजू

यावरून तीन गुणोत्तरं ठरतात.

- साईन क = संमुख बाजू ÷ कर्ण
- कॉस क = लगतची बाजू ÷ कर्ण
- टॅन क = संमुख बाजू ÷ लगतची बाजू

टॅन म्हणजे साईन भागिले कॉस, हे यातून आपोआप निघतं. या तिघांचे व्यस्त म्हणजे कोसेक, सेक आणि कॉट. कोसेकची जोडी साईनशी आणि सेकची कॉसशी आहे. नावावरून उलटं वाटतं आणि पोरं तिथंच फसतात.

आता मुख्य प्रश्न : त्रिकोण लहान काढला काय आणि मोठा काढला काय, गुणोत्तर तेच कसं राहतं? कारण दोन काटकोन त्रिकोणांत 'क' सारखाच असेल तर तिसरा कोनही सारखाच असणार. तिन्ही कोन सारखे म्हणजे त्रिकोण समरूप. समरूप त्रिकोणांच्या बाजू एकाच प्रमाणात वाढतात किंवा कमी होतात, म्हणून भागाकार बदलत नाही. वहीतला पाच सेंटिमीटरचा त्रिकोण आणि शेतातला पन्नास मीटरचा त्रिकोण, दोन्हींत ३० अंशांचा साईन अर्धाच. त्रिकोणमितीचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

याच व्याख्येला पायथागोरसचं प्रमेय जोडलं की दुसरी महत्त्वाची गोष्ट मिळते : साईन क चा वर्ग अधिक कॉस क चा वर्ग बरोबर १. कोन कुठलाही घ्या, हे कधी चुकत नाही.

'को' म्हणजे कोटी

कॉस हे नाव 'को-साईन'वरून आलं. हा 'को' म्हणजे कॉम्प्लिमेंट. कोसाईन म्हणजे कोटिकोनाचा साईन.

काटकोन त्रिकोणात ९० अंश काटकोनाने घेतले की उरलेल्या दोन कोनांची बेरीज ९० च राहते. म्हणजे ते दोघे नेहमीच एकमेकांचे कोटिकोन असतात. एका कोनाची जी संमुख बाजू, तीच दुसऱ्याची लगतची बाजू. त्यामुळे एकाचा साईन तोच दुसऱ्याचा कॉस.

- साईन (९० − क) = कॉस क
- कॉस (९० − क) = साईन क
- टॅन (९० − क) = कॉट क

संस्कृत ग्रंथांत साईनला 'ज्या' आणि कॉसला 'कोटिज्या' किंवा 'कोज्या' म्हणतात. मराठीतल्या 'कोटिकोन' शब्दात तीच 'कोटी' आहे. म्हणजे इंग्रजी पुस्तक हातात आलं म्हणून मराठी शब्द टाकून द्यायचं कारण नाही. 'कोटिकोन' नीट आठवत असेल तर कोसाईन, कोटँजंट, कोसेकंट या तिन्ही नावांतला 'को' पाठ करावा लागत नाही.

हा भाग मुद्दाम सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या गणितातून २०२२-२३ च्या अभ्यासक्रम कपातीत कोटिकोनांच्या गुणोत्तरांचा हा विभाग वगळला गेला. अकरावीत मात्र तो येतो असं धरूनच शिक्षक पुढे जातात. दहावीला तो शिकवला गेला नसेल तर अकरावीची पुस्तकं उघडण्याआधी एक दिवस यावर घालवावा.

ठरावीक कोनांची मूल्यं कुठून येतात?

३०, ४५ आणि ६० अंशांचं कोष्टक बहुतेक मुलं घोकतात. ते दोन आकृत्यांतून पाच मिनिटांत काढता येतं.

पहिली आकृती : बाजू १ असलेला चौरस. त्याचा कर्ण काढला की ४५ अंशांचे दोन काटकोन त्रिकोण होतात आणि कर्ण वर्गमूळ २ येतो. म्हणून साईन ४५ आणि कॉस ४५ दोन्ही १ ÷ वर्गमूळ २, म्हणजे सुमारे ०.७०७. टॅन ४५ बरोबर १.

दुसरी आकृती : बाजू २ असलेला समभुज त्रिकोण. वरून खाली लंब टाकला की पाया अर्धा होतो. आता कर्ण २, एक बाजू १ आणि लंब वर्गमूळ ३. वरचा कोन ३०, खालचा ६०. म्हणून साईन ३० म्हणजे १ ÷ २, कॉस ३० म्हणजे वर्गमूळ ३ ÷ २ (सुमारे ०.८६६) आणि टॅन ३० म्हणजे १ ÷ वर्गमूळ ३ (सुमारे ०.५७७). ६० अंशांसाठी साईन आणि कॉसची अदलाबदल करायची, कारण ३० आणि ६० कोटिकोन आहेत.

वापर असा होतो : नारळाच्या झाडापासून २० मीटर दूर उभं राहून शेंड्याकडे पाहिलं आणि उन्नत कोन ३० अंश आला. २० × ०.५७७ म्हणजे सुमारे ११.५ मीटर. बघणाऱ्याचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर असतील तर झाड सुमारे १३ मीटर उंच. ते दीड मीटर मिळवायचं विसरणं ही या प्रकारातली नेहमीची चूक.

९० च्या पुढचा कोन

दहावीपर्यंत कोन त्रिकोणात असतो, म्हणून तो ९० च्या आतच राहतो. अकरावीत अचानक साईन १५० विचारतात. काटकोन त्रिकोणात १५० चा कोन बसणार कसा?

यासाठी त्रिकोण सोडून वर्तुळाकडे जावं लागतं. आलेखाच्या आरंभबिंदूवर केंद्र धरून त्रिज्या १ असलेलं वर्तुळ काढा. उजवीकडच्या अक्षापासून घड्याळाच्या उलट दिशेने 'क' इतका कोन वळा आणि वर्तुळावर जिथे पोचाल तो बिंदू बघा. त्याचा आडवा निर्देशक म्हणजे कॉस क आणि उभा निर्देशक म्हणजे साईन क. ९० च्या आत ही व्याख्या त्रिकोणाच्या व्याख्येशी तंतोतंत जुळते, कारण कर्ण १ झालेला असतो. शिवाय कोन कितीही मोठा असला तरी ती चालते.

चिन्हंही इथूनच कळतात. पहिल्या चरणात तिन्ही गुणोत्तरं धन. दुसऱ्यात फक्त साईन धन, तिसऱ्यात फक्त टॅन, चौथ्यात फक्त कॉस.

आता मराठीतला 'पूरक कोन' कामाला येतो. १५० आणि ३० हे बेरीज १८० असलेले कोन. वर्तुळावर ते उभ्या अक्षाच्या दोन बाजूंना आरशातल्यासारखे पडतात. उंची सारखी, डावं-उजवं उलट. म्हणून :

- साईन (१८० − क) = साईन क
- कॉस (१८० − क) = − कॉस क
- टॅन (१८० − क) = − टॅन क

साईन १५० म्हणजे अर्धा आणि कॉस १५० म्हणजे −०.८६६. ९० च्या जोडीत नाव बदलतं (साईनचा कॉस होतो), १८० च्या जोडीत नाव तेच राहून चिन्ह बदलू शकतं. हा फरक पक्का झाला की अकरावीतली अर्धी सूत्रं पाठ करावी लागत नाहीत. पण त्यासाठी कुठल्या भाषेतला 'पूरक' चालू आहे हे आधी ठाऊक हवं.

रेडियन आणि आर्यभटाचे ३४३८

अंशांनंतर येतो रेडियन. वर्तुळाच्या त्रिज्येइतकाच लांब कंस परिघावर घेतला, तर त्याचा केंद्राशी होणारा कोन म्हणजे १ रेडियन. तो सुमारे ५७.३ अंशांचा असतो. पूर्ण फेरी २ पाय रेडियन, म्हणून १८० अंश म्हणजे पाय रेडियन, ९० म्हणजे पाय ÷ २ आणि ३० म्हणजे पाय ÷ ६.

ही कल्पना नवी वाटते, पण तिच्या जवळपासची मांडणी इ. स. ४९९ च्या 'आर्यभटीय' ग्रंथात सापडते. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश म्हणजे २१,६०० कला. त्याला २ पायने भागलं की सुमारे ३४३८ येतात. आर्यभटाच्या ज्यांच्या कोष्टकात त्रिज्या आहे ती ३४३८ च. म्हणजे कोन आणि त्रिज्या एकाच मापात मोजली आहे. आजच्या रेडियनमागेही हाच विचार आहे.

कोष्टकात पावणेचार अंशांच्या अंतराने २४ ज्यांमधले फरक दिले आहेत. पहिले आठ फरक असे : २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९. बेरीज करून बघा, १७१९ येते. आठ गुणिले पावणेचार म्हणजे ३० अंश, आणि १७१९ म्हणजे ३४३८ च्या बरोबर निम्मे. साईन ३० = अर्धा, हे कोणालाही कागदावर पडताळता येतं.

'साईन' हा शब्दही इथूनच फिरत गेला. धनुष्याची दोरी म्हणजे ज्या किंवा जीवा. अरबीत तो उच्चारानुसार घेतला गेला, लिहिताना स्वर गळल्यामुळे पुढे तो 'जैब' असा वाचला गेला. त्याचा अर्थ कपड्याची घडी किंवा खोळ. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर होताना त्या अर्थाचा 'सायनस' हा शब्द आला.

पुढे ११५० मध्ये पूर्ण झालेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त भास्कराचार्यांनी दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याची रीत दिली. आजच्या भाषेत : साईन (क + ख) = साईन क × कॉस ख + कॉस क × साईन ख. भास्कराचार्यांनी सांगितलेलं आपलं गाव 'विज्जडविड' म्हणजे विजापूर की खानदेशातलं गाव, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. सूत्र मात्र दोन्हीकडच्या पुस्तकांत एकच आहे.

काठी, सावली आणि आपलं गाव

टॅन समजायला सर्वांत सोपा प्रयोग अंगणात होतो. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी एक मीटरची काठी सपाट जमिनीवर ओळंब्याने सरळ उभी करा आणि दुपारी सावली सर्वांत आखूड होते तेव्हा मोजा. सावली ÷ काठी म्हणजे त्या गावाच्या अक्षांशाचा टॅन. १०० सेंटिमीटर काठीची सावली साधारण अशी येईल :

- पणजी (१५.५ अंश) : २८ सेंमी
- बेळगाव (१५.८५ अंश) : २८ सेंमी
- हैदराबाद (१७.४ अंश) : ३१ सेंमी
- वडोदरा (२२.३ अंश) : ४१ सेंमी
- इंदूर (२२.७ अंश) : ४२ सेंमी
- उज्जैन (२३.२ अंश) : ४३ सेंमी
- ग्वाल्हेर (२६.२ अंश) : ४९ सेंमी

इथेही कोटिकोन आहेच. बेळगावात त्या दुपारी सूर्य क्षितिजापासून ९० − १५.८५, म्हणजे ७४.१५ अंश वर असतो. काठीच्या टोकाशी अक्षांशाइतका कोन, सावलीच्या टोकाशी सूर्याच्या उंचीचा.

उज्जैनच्या वेधशाळेत हेच दगड-विटांत बांधलेलं दिसतं. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेल्या आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करून घेतलेल्या या वेधशाळेतल्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत उज्जैनच्या अक्षांशाइतक्याच कोनात चढते.

मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण हवं तर विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेलं भारताचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण. जमिनीवर एक रेषा अचूक मोजायची, तिच्या दोन टोकांवरून लांबच्या खुणेचे कोन घ्यायचे आणि उरलेली अंतरं हिशोबाने काढायची. असे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत काम उत्तरेकडे सरकलं. लॅम्बटनचा मृत्यू १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट इथे झाला.

नेहमी होणाऱ्या चुका

- कोनांची बेरीज म्हणजे साईनची बेरीज समजणं. साईन ४५ अधिक साईन ३० म्हणजे १.२०७. साईन कधीही १ च्या वर जात नाही, म्हणजे हे साईन ७५ असूच शकत नाही. भास्कराचार्यांच्या रीतीने बरोबर उत्तर ०.९६६ येतं.
- कॅल्क्युलेटर चुकीच्या मापात ठेवणं. रेडियनवर असताना साईन ३० दाबलं तर −०.९८८ दिसतं. ०.५ आलं तरच ते अंशांवर आहे. प्रात्यक्षिकाला बसण्याआधी ही एक तपासणी करावीच.
- साईन इनव्हर्स आणि १ ÷ साईन एकच समजणं. पहिला साईनवरून कोन काढून देतो, दुसरा कोसेक आहे.
- संमुख बाजू कायमची ठरलेली मानणं. कोन बदलला की संमुख आणि लगतची बाजू बदलतात. कर्ण तेवढा बदलत नाही.
- टॅन ९० ला मोठी संख्या समजणं. कॉस ९० शून्य आहे आणि शून्याने भागता येत नाही. टॅन ९० अस्तित्वात नाही.

परीक्षेची भाषा

जेईई मेन २०२१ पासून मराठीसह १३ भाषांत होते. मात्र इंग्रजी, हिंदी आणि उर्दू वगळता बाकी भाषांचे पर्याय त्या-त्या राज्यातल्या केंद्रांपुरते ठेवलेले आहेत. मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. बेळगाव, इंदूर किंवा हैदराबादचं केंद्र घेतलं तर ती मिळत नाही. भाषांतराबद्दल शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. अर्ज भरताना त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतलं भाषांचं पान आणि केंद्रांची यादी दोन्ही वाचूनच भाषा निवडावी.

मराठीतून शिकलेल्या मुलांनी वहीत चार रकान्यांची एक यादी करावी : मराठी शब्द, इंग्रजी शब्द, आपल्या राज्यातला शब्द आणि शेजारी अर्थ आकड्यात. 'कोटिकोन'समोर ९०, 'पूरक कोन'समोर १८०. हिंदी किंवा कन्नड 'पूरक'समोर पुन्हा ९०. प्रश्नात हा शब्द आला की सूत्र लावण्याआधी बेरीज ९० की १८० हे बाजूला लिहायचं, मगच आकडेमोड सुरू करायची.